हसविणाऱ्याची लेखणी

गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या शाळेच्या एका विद्यार्थ्याने नकलांचा कार्यक्रम केला, तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. एस. टी.चा कंडक्टर, आठवडी बाजारातील बैलांचा दलाल, वर्गात पेंगणारे एक गुरुजी (ते कोण, हे सांगण्याचे कारण नाही) अशी एकामागून एक माणसे त्याने उभी केली आणि मंडप हास्याने दणाणून सोडला. शेवटी त्याने शाळेच्या फाटकापाशी बोरे विकणाऱ्या एका लंगड्या आजीची नक्कल केली. तिचे चालणे, तिचे पैसे मोजणे, तिचे चिडणे हे सर्व हुबेहूब होते, आणि टाळ्याही सर्वांत अधिक तिलाच पडल्या. मात्र तिसऱ्या रांगेत एक लहान मुलगा मान खाली घालून बसला होता. तो त्या आजीचा नातू होता.

दोन दिवसांनी त्या नकलाकार विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे आले. ते म्हणाले, "सर, लेकरू दिवसभर नकलाच करतंय. ह्याच्यानं पोट भरंल का कधी?" त्यांना काय सांगावे हे मला त्या वेळी सुचले नाही. दोन प्रश्न मनात घोळत राहिले. हसविण्याचा धंदा करून माणसाचे पोट भरते काय, हा वडिलांचा प्रश्न. आणि ज्याला हसावयाचे त्याच्या मानेचे काय, हा त्या नातवाचा न विचारलेला प्रश्न. या दोन्ही प्रश्नांचा उलगडा एखाद्या माणसाच्या कारकीर्दीत पाहावयाचा असेल, तर मराठी मुलखात पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्यासारखे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. म्हणून विद्यार्थिमित्रहो, या वर्षीच्या अंकात त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरीस व पुढे पार्ल्यास गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करीत. म्हणजे ग्रंथांचा वास घरात होता. पेटी वाजविणे, गाणे, नकला करणे आणि भाषणे ठोकणे हे छंद शाळेपासूनचे. परंतु वडील लवकर निवर्तले आणि संसाराचा भार अंगावर आला. मग कारकुनी झाली, पेटीच्या व गाण्याच्या शिकवण्या झाल्या आणि मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात मास्तरकीही झाली. याच शाळेतील शिक्षिका सुनीता ठाकूर यांच्याशी १२ जून १९४६ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. म्हणजे महाराष्ट्राचा हा सर्वांत लाडका विनोदकार काही वर्षे आमच्याच जातीचा, हातात खडू धरणारा मनुष्य होता! हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी पोटात घालावा.

रंगभूमीवर ते प्रथम आले ते नट म्हणून. ललितकलाकुंज, नाट्यनिकेतन अशा नाटकमंडळ्यांतून त्यांनी कामे केली. मग चित्रपट आला. १९४७ च्या 'कुबेर'पासून पुढील सहा-सात वर्षे ते त्या व्यवसायात होते, आणि १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या बोलपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका ही सर्व कामे त्यांनी एकट्याने केली. त्याच चित्रपटात पंडित भीमसेन जोशी यांनी गाइलेल्या एका अभंगवजा गीताची चाल पु. लं.ची आहे. 'देवबाप्पा' चित्रपटातील, आपल्या बालवर्गात अजूनही म्हटल्या जाणाऱ्या मोराच्या गाण्याची चालही त्यांचीच, हे किती जणांस ठाऊक असते?

इतके यश मिळाल्यावर दुसरा कोणी असता तर तेथेच बंगला बांधून बसला असता. पु. ल. मात्र त्या दुनियेतून बाहेर पडले आणि १९५५ साली आकाशवाणीत नोकरीस लागले. पुढे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी त्यांस लंडनला पाठविण्यात आले आणि १९५९ साली दिल्लीस भारतातील दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, तेव्हा तिच्या अगदी पहिल्या निर्मात्यांत ते होते. विलायतेच्या प्रवासावर त्यांनी 'अपूर्वाई' लिहिले. नोकरी, नट, गायन, पेटी, प्रवास अशी ही धावपळ वरवर पाहता भरकटलेली दिसते. वडीलधारी माणसे अशा मुलास "एक ना धड" म्हणून मोकळी होतात. पण या सगळ्या काळात एक काम अखंड चालू होते, आणि ते म्हणजे लिहिणे.

येथे जरा थांबून नक्कल आणि लेखन यांतील भेद पाहू. नक्कल करणारा माणसाचे बाहेरचे रूप उचलतो. त्याचा आवाज, हेल, चाल, खोकला, खांद्याची ढब हे सर्व अर्ध्या तासाच्या निरीक्षणात मिळते, आणि ते दाखविले की प्रेक्षक ओळखीने हसतो. त्या हास्यात "आपण असे नाही" हा आनंद पुष्कळदा मिसळलेला असतो. कागदावर मात्र आवाज नसतो, चाल नसते. ज्याची नक्कल तोंडाने तीन मिनिटांत संपते, त्याच माणसावर दहा पाने लिहावयास बसले, म्हणजे तो सकाळी कशासाठी उठतो, त्याला कोणाची धास्ती आहे, तो एकटा असताना काय करतो, हे ठाऊक असावे लागते. ठाऊक नसेल तर लेखणी दुसऱ्याच पानावर थांबते. ज्याच्याविषयी इतके जाणून घ्यावे लागते, त्याचा तिरस्कार करणे अवघड होऊन बसते. पु. लं.च्या हातून नक्कल सुटली नाही, ती जन्मभर त्यांच्या कंठात राहिली. परंतु लेखणीने तिला शिस्त लावली, असे मला वाटते.

याचा पुरावा 'व्यक्ति आणि वल्ली' या पुस्तकात आहे. त्यातील काही व्यक्तिचित्रे त्यांनी ऐन पंचविशीत मासिकांसाठी लिहिली होती. पुस्तक १९६२ साली निघाले आणि त्यास १९६५ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. यात रत्नागिरीचा अंतू बर्वा आहे. तिरकस जिभेचा म्हातारा, कोणास चांगले म्हणावयाचे नाही असा पण केलेला. त्याच्या तोंडची एकेक वाक्ये ऐकून लोक पोट धरून हसतात. आणि मग गावात वीज येण्याची गोष्ट निघते, तेव्हा हा म्हातारा दिव्याच्या उजेडात आपले दारिद्र्यच तेवढे दिसावयाचे अशा अर्थाचे काही बोलून जातो, आणि ऐकणाऱ्याचे हसू ओठांवरच थिजते. तो तिरकस का आहे हे आता उमगते. जो दुसऱ्यांस चिमटे काढतो त्याच्या घरात कोणी नाही, मुलगा मुंबईस दूर झाला आहे, आणि तिरकस बोलणे हेच त्याचे एकमेव वैभव उरले आहे. हे ज्याने लिहिले त्याने अंतूची नक्कल केली असे कोणी म्हणणार नाही.

चितळे मास्तर हे दुसरे. हजारो विद्यार्थी हातांखालून गेलेला, फीची फिकीर न करता पोरांना घरी बसवून शिकविणारा, वर्गात चेष्टा करीत करीत भूगोल गळी उतरविणारा जुन्या पठडीचा मास्तर. व्यक्तिचित्राच्या अखेरीस लेखकाची दृष्टी मास्तरांच्या झिजलेल्या वहाणांकडे जाते, आणि बस. त्यावर एक शब्दही अधिक नाही. मी हे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्याचा यत्न तीन वेळा केला. शेवटचे पान वाचताना तिन्ही वेळा पुस्तक शेजारच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे लागले.

आणि सखाराम गटणे! पुस्तके वाचून वाचून छापील भाषेत बोलू लागलेला हा मुलगा. त्याच्या तोंडून साधे वाक्य निघत नाही. प्रत्येक वाक्य जणू निबंधस्पर्धेस धाडावयाचे आहे. आपल्या या वार्षिकाच्या मराठी विभागातील बहुतेक लेख गटण्यानेच लिहिल्यासारखे असतात, आणि प्रस्तुत लेखही त्यास अपवाद नाही, हे मी जाणतो. पण पु. ल. गटण्याला हसून सोडून देत नाहीत. त्याच्या लग्नाच्या प्रसंगी ते मध्यस्थी करितात, आणि पुस्तकांच्या ढिगाखालून त्या मुलाला बाहेर काढून संसारात उभा करितात. वाचक आरंभी गटण्याला हसतो, शेवटी त्याच्यासाठी हसतो.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाकडे वळू. १९५८ साली 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक निघाले. मुंबईची चाळ म्हणजे एका लांब सज्जावर ओळीने खोल्या, सामाईक नळ, सामाईक जिना आणि सामाईक भांडणे. या चाळीत सोकाजीनाना त्रिलोकेकर आहेत, कोचरेकर मास्तर आहेत, अण्णा पावशे, एच. मंगेशराव, जनोबा रेगे आहेत. निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या बोलींचे लोक. ते गच्चीसाठी चळवळ करितात, शिष्टमंडळे काढतात, प्रवासास निघतात. 'उपास' या प्रकरणात तर वजन उतरविण्यासाठी धडपडणारा निवेदक स्वतःच हास्याचा विषय होतो. हे महत्त्वाचे आहे. विनोदाचा पहिला दगड पु. ल. स्वतःच्या अंगावर घेतात, आणि मगच इतरांकडे वळतात. शेवटी एक 'चिंतन' आहे. चाळीचे दिवस संपत आले, आता तेथे नवी इमारत उठणार, या जाणिवेने लिहिलेले ते प्रकरण वाचून ज्यास हसू येईल तो दगड म्हणावा.

१९६१ साली हेच पुस्तक त्यांनी रंगमंचावर आणले. नटसंच नाही, देखावे नाहीत. एकटा मनुष्य उभा राहतो आणि सगळी चाळ त्याच्या अंगातून ये-जा करू लागते. हा प्रकार पाहून लोक चकित झाले. पण विचार केला तर आपल्या मातीस तो परका नव्हता. कीर्तनकार उत्तररंगात एकट्यानेच राजा होतो, राणी होतो, दासीही होतो. आपल्याच मराठवाड्यातील पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडे रचिली. त्यांत जोशी, गोंधळी, विंचू चावलेला मनुष्य अशी किती तरी सोंगे एकाच गाणाऱ्याच्या तोंडी येतात. तिकडे इंग्लंडात चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने १८५८ पासून आपल्याच पुस्तकांचे जाहीर वाचन तिकिटे लावून सुरू केले, आणि १८७० साली, मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत, ते चालविले. डिकन्सही पात्रागणिक आवाज व चेहरा बदलीत असे. म्हणजे मूळ कल्पना जुनीच. पु. लं.नी तिला चाळीत आणून बसविली.

या प्रयोगांत एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. ते आयत्या वेळी सुचलेले बोलत आहेत असे वाटते, परंतु ते बहुतांशी लिहिलेले असते. शब्द कोठे तोडावयाचा, टाळी पडल्यावर किती थांबावयाचे, हे सर्व तोलून ठरविलेले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी 'म्हैस' या कथेचे ध्वनिमुद्रण असेल. घाटातील रस्त्यावर एस. टी.खाली म्हैस सापडते आणि गाडी अडते, एवढीच गोष्ट. तीतून उतारू, चालक, कंडक्टर, म्हशीचा मालक, पोलीस असे एक अख्खे गाव उभे राहते. हे ध्वनिमुद्रण लावून कोणी त्याचे मुद्दाम लेखन करून पाहावे. एक शब्द काढला तर वाक्य लंगडते, इतकी त्याची बांधणी घट्ट आहे. आपल्या नकलाकार मित्राला मी हीच खटपट सुट्टीत करावयास सांगितली आहे.

'वाऱ्यावरची वरात', 'असा मी असामी', 'वटवट' हे पुढचे प्रयोग. त्यांची नुसती नावे सांगून पुढे जातो, कारण नाटकांविषयी थोडे अधिक लिहावयाचे आहे.

पु. लं.च्या स्वतंत्र नाटकांत 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) हे मला सर्वश्रेष्ठ वाटते. इंदूरच्या एका जुन्या वाड्यात काकाजी देवासकर राहतात. गाणे, शिकार, खाणेपिणे यांचा शौकीन मनुष्य, बोलणे हिंदीमिश्रित आणि मन मोकळे. तेथे एक आचार्य येऊन राहतात. ब्रह्मचर्य, सूतकताई, अळणी अन्न यांचा त्यांचा उपदेश, आणि तरुण मुलांच्या स्वाभाविक ओढींवर कडक नियंत्रण. नाटकात हास्य भरपूर आहे आणि ते पुष्कळसे आचार्यांच्या वाट्याचे आहे. आम्हां उपदेश करणाऱ्या लोकांनी (त्यांत शिक्षक आले, मिशनचे आम्ही सेवकही आले) हे नाटक वर्षातून एकदा तरी वाचावे. कारण उपदेशकाचा वेष अंगात मुरला म्हणजे त्याखाली दडपलेला माणूस आपल्यालाही दिसेनासा होतो. तरीही पु. ल. आचार्यांचा खलपुरुष करीत नाहीत. अखेरीस त्या वृद्धाच्या मनातील कोरडे दुःख बाहेर येते आणि त्याला जवळ घेणारा मनुष्य काकाजीच असतो. ज्याच्यावर सर्वाधिक हसलो, त्याच्याविषयी जाताना करुणा वाटते. शास्त्री-परूश्यांच्या ढोंगावर प्रभूने ओढलेले कोरडे आपण शुभवर्तमानात वाचतो, परंतु त्याच प्रभूने रात्री भेटावयास आलेल्या निकदेमाला परत पाठविले नाही, याची मला हे नाटक वाचताना आठवण होते.

परकीय नाटकांची रूपांतरे हा त्यांच्या कारकीर्दीचा मोठा भाग. रशियन लेखक गोगोल याच्या सरकारी तपासनिसाच्या प्रहसनावरून 'अंमलदार' (१९५२), ब्रेख्टच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८), आणि बर्नार्ड शॉ याच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' (१९७४). हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरीही त्यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. पैकी 'ती फुलराणी' हे नाटक आपणां हट्ट्याच्या लोकांस विशेष जवळचे वाटावे. रस्त्यावर फुले विकणारी मंजुळा, तिची बोली गावंढळ म्हणून हसणारा भाषेचा प्राध्यापक, आणि तिला सहा महिन्यांत 'शुद्ध' बोलावयास शिकविण्याची पैज. भक्ती बर्वे यांनी मंजुळेची भूमिका अजरामर केली. शॉने हा प्रश्न १९१३ साली लंडनच्या उच्चारांविषयी उभा केला होता. मराठीत तो आणावयाचा तर नुसते भाषांतर उपयोगी नाही, कारण उच्चनीच भाव प्रत्येक मुलखात वेगळ्याच अक्षरांत दडलेला असतो. पु. लं.च्या कानाला तो ऐकू येत असे. नकलाकाराचा कान आणि लेखकाची समज यांचा असा संगम इतरत्र क्वचितच दिसतो.

आमचे विद्यार्थी दहावी-बारावीनंतर पुण्याकडे जातात. पहिल्या महिन्यात त्यांचे पत्र वा फोन येतो तो बहुधा एकाच तक्रारीचा : "सर, आम्ही तोंड उघडलं की पोरं हसतात." आपले हेल, आपले 'लेकरू', आपले 'कामून' हे तिकडे विनोदाचे साहित्य होते. काही मुले मग बोलणेच टाकतात, तर काही घरच्या बोलीची लाज धरू लागतात. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अधिक वाईट वाटते. मंजुळेच्या संतापाचे मर्म या मुलांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या दुखण्यावर मराठवाड्याने आपले औषध आपणच शोधले, तेही रंगभूमीवरच. प्राध्यापक लक्ष्मणराव देशपांडे हे औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवीत. त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग स्वतः लिहिला आणि स्वतःच केला. मराठवाड्यातील एका खेड्यातले कुटुंब मुलाच्या लग्नासाठी विमानात बसून थेट लंडनला निघते, एवढे कथाबीज. बावन्न पात्रे, आणि ती सर्व एका माणसाच्या अंगात. म्हातारे, पोरे, बाया, गोरे साहेब, कोणी सुटलेले नाही. ज्या बोलीला पुण्यामुंबईस हसत होते, तीच बोली आता रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहिली, आणि पुण्यामुंबईचे लोक तिकिटे काढून ती ऐकावयास आले. हसले तेही आणि आपणही हसलो, परंतु या हास्यात आपली मान खाली गेली नाही. परक्या शहरात गोंधळलेली ती माणसे भोळी आहेत, मूर्ख नाहीत. लक्ष्मणराव २००९ साली निवर्तले. पु. लं.नी एकपात्री प्रयोगाची जी वाट रुंद केली, तीवरून आपल्या भागाचा हा मनुष्य आपल्याच ओझ्यासह चालत गेला.

पु. लं.चा आणि आपल्या भागाचा एक प्रत्यक्ष संबंधही आहे. १९६५ साली नांदेड येथे मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष पु. ल. होते. नांदेड आपल्यापासून काही दूर नाही. पुढे १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्यसंमेलनाचेही ते अध्यक्ष झाले. हसविणाऱ्या मनुष्यास नाटकवाल्यांनी आणि साहित्यिकांनी, दोघांनीही, आपल्या पंक्तीत सर्वांत वर बसविले. पद्मश्री (१९६६), पद्मभूषण (१९९०) आणि महाराष्ट्रभूषण (१९९६) हे मान पुढे आलेच. या शेवटच्या सत्काराच्या वेळी त्यांनी पुरस्कार देणाऱ्या सत्ताधाऱ्यांच्या रीतीविषयी आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखविली आणि रोष ओढवून घेतला. तत्पूर्वी आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत हाच विनोदी लेखक गावोगाव सभा घेत हिंडला होता. ज्यास सर्वांचे हसू हवे असते, त्याला सर्वांची मर्जीही सांभाळावी लागते, असा समज आहे. पु. लं.नी तो खोटा पाडला.

आता पोटाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण त्या वडिलांस मला उत्तर द्यावयाचे होते. पु. लं.चे पोट हसविण्यावर भरले, इतकेच नव्हे तर उरले. उरलेल्याचे त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. प्रयोगांच्या व पुस्तकांच्या उत्पन्नातून त्यांनी व सुनीताबाईंनी पु. ल. देशपांडे फाउंडेशन उभारले आणि त्यातून शाळा, ग्रंथालये, रुग्णसेवा अशा कामांस देणग्या दिल्या. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी, जेथे कुष्ठरोगी आपल्या हातांनी शेती करून सन्मानाने राहतात, त्यांचा दीर्घ स्नेह होता. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉक्टर अनिता व डॉक्टर अनिल अवचट यांनी सुरू केले. अनिता अवचट याच सुनंदा. त्यामागे पु. लं.नी दिलेले एक लाख रुपये होते. एक माणूस रंगमंचावर उभा राहून चाळीतल्या मंडळींच्या गोष्टी सांगतो, आणि त्यातून दारूच्या विळख्यात सापडलेल्या कोणा अनोळखी माणसाच्या घरी पुन्हा चूल पेटते, हा हिशेब कोणत्या खतावणीत लिहावा?

मात्र त्या वडिलांपासून दुसरी बाजूही लपवून ठेविली नाही. असे यश हजारांत एखाद्याच्या वाट्यास येते. पु. लं.नीही आधी पदवी घेतली, नोकऱ्या केल्या, संसार उभा केला आणि रात्री लिहिले. पन्नाशीच्या सुमारास ते बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनास जाऊन विद्यार्थी म्हणून राहिले, आणि त्या अनुभवावर 'वंगचित्रे' हे पुस्तक लिहिले. अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांचे शरीर जखडले. पेटीवर धावणारी बोटे थरथरू लागली. १२ जून २००० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता.

वडिलांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्याला करू देऊ का बंद करू?" मी म्हटले, "करू द्या, पण आधी लिहू द्या." ते हसले. त्यांस ते पटले की माझी समजूत घालण्यासाठी ते हसले, हे कळले नाही.

मुलाला मी बोरे विकणाऱ्या आजीवर चार पाने लिहावयास सांगितली. पहिल्या वेळी त्याने दीड पान आणले. त्यात तिचे लंगडणे होते आणि चिडणे होते, म्हणजे नक्कलच होती. मी ते परत दिले. पंधरवड्याने तो पुन्हा आला. मधल्या काळात तो रोज दुपारच्या सुट्टीत तिच्यापाशी बसू लागला होता. पाय कशाने गेला, नातू कोणाचा, बोरे कोणत्या शिवारातून येतात, हंगाम संपल्यावर ती काय विकते, हे त्याने विचारून घेतले होते. पाने आता सहा झाली होती. लंगडणे त्यांत होते, पण तिसऱ्या पानावर, एका ओळीत. ते लेखन आजीच्या नातवाने वाचले आहे आणि त्याच्या संमतीने ते याच अंकात पुढे छापले आहे.

'व्यक्ति आणि वल्ली', 'बटाट्याची चाळ', 'तुझे आहे तुजपाशी' आणि लहान मुलांसाठीची 'वयं मोठं खोटम्' व 'नवे गोकुळ' ही नाटके आपल्या ग्रंथालयात दुसऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. त्याच कप्प्यात लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'ही ठेविले आहे. स्वतःला हसत हसत आपल्या संसाराची आणि श्रद्धेची कहाणी कशी सांगावी, हे त्या माउलीने पु. लं.च्या बरेच आधी दाखवून ठेविले होते. 'व्यक्ति आणि वल्ली'ची एक प्रत गेल्या वर्षापासून परत आलेली नाही. ज्याच्याकडे असेल त्याने ती वाचून झाल्यावर आणून द्यावी. दंड घेतला जाणार नाही.